जॉकी घोड्यावर बसत नाही

धावतो तो घोडा, जॉकी नुसता बसून असतो, मग तो खेळाडू कसा? हा आक्षेप ‘बसून’ या शब्दापाशीच कोसळतो. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर होणारी इंडियन डर्बी 2400 मीटरची, म्हणजे साधारण अडीच मिनिटांची. तेवढा वेळ जॉकीचं बूड खोगिराला जवळजवळ टेकतच नाही. आखूड रिकिबीत चवडे, गुडघे दुमडलेले, पाठ आडवी.

असं का? भरधाव घोडा सेकंदाला सुमारे 2.4 ढांगा टाकतो. प्रत्येक ढांगेत त्याचं धड थोडं वेग घेतं, थोडं मंदावतं. सरासरी जागेच्या पुढे-मागे हेलकावत राहतं. हा हेलकावा एकूण 10 सेंटीमीटर धरा, म्हणजे आयाम (मधल्या जागेपासून एका बाजूचं अंतर) 0.05 मीटर. कोनीय वेग 2π × 2.4, अंदाजे 15. महत्तम त्वरण 0.05 × 15², म्हणजे 11 मीटर प्रति सेकंद वर्ग. 55 किलोचा स्वार घोड्याला घट्ट चिकटून राहिला, तर त्याला पुढे ढकलायला आणि मागे रोखायला दर ढांगेत सुमारे 600 न्यूटन बल लागेल, जवळपास 60 किलोच्या वजनाएवढं! ते घोड्यानेच पुरवायचं. एसटीत उभा प्रवासी खड्ड्यांवर गुडघे सैल सोडतो, तसा जॉकी घोड्याला स्वतःखाली हलू देतो आणि आपलं धड जवळपास एकाच वेगाने पुढे नेतो. त्याचा भार घोड्यावर राहतोच; हिसक्यांचं काम मात्र जॉकीच्या मांड्या, कंबर आणि घोटे उचलतात.

टॉड स्लोन या अमेरिकी जॉकीने 1897 नंतर ही बैठक इंग्लंडमध्ये गाजवली. लंडनच्या रॉयल व्हेटरनरी कॉलेजच्या संशोधकांनी 2009 मध्ये दाखवलं, की ती रूढ झाली त्या काळात शर्यतींच्या वेळा 5 ते 7 टक्क्यांनी सुधारल्या.

किंमत स्नायू मोजतात. सतत ताणलेल्या मांडीत रक्तपुरवठा अडतो, लॅक्टेट (जोरदार श्रमात स्नायूत तयार होणारं द्रव्य) साचतं, हृदयाचे ठोके मिनिटाला 180 च्या पुढे जातात. थकलेल्या गुडघ्यांची लय चुकली, की जॉकीचं वजन नेमकं नको त्या क्षणी घोड्याच्या पाठीवर आदळतं.

त्यात वजनकाटा. नेमून दिलेल्या वजनात बसण्यासाठी अनेक जॉकी सॉनात, म्हणजे कडक तापवलेल्या खोलीत, घाम गाळतात. घामातून चरबी जात नाही, पाणी जातं; पोटाला बांधायचे ‘चरबी वितळवणारे’ पट्टे विकणारे हेच लपवतात. 55 किलोच्या माणसाने 1.1 लिटर पाणी गमावलं, की 2 टक्के वजन उतरतं, रक्ताचं आकारमान घटतं आणि तेवढ्याच श्रमाला हृदयाला अधिक ठोके द्यावे लागतात. शर्यत सुरू होण्याआधीच त्याची नाडी चढलेली असते.