होमगार्डचा बिल्ला आणि ‘डॅड्स आर्मी’चा बिल्ला

‘डॅड्स आर्मी’ पाहिलेल्यांना कॅप्टन मॅनरिंग कोण, कॉर्पोरल जोन्स कोण, हे सांगत बसत नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटनच्या होमगार्डवरची, म्हणजे देशरक्षणासाठी उभ्या राहिलेल्या स्वयंसेवक दलावरची, ही विनोदी मालिका; १९६८ ते १९७७ या काळात बीबीसीवर तिचे ८० भाग झाले, जिमी पेरी आणि डेव्हिड क्रॉफ्ट यांनी ते लिहिले, एवढं पुरे. मी वैतागलोय तो एकाच प्रश्नाला. नव्याने संग्रह करणारे फोटो पाठवतात आणि विचारतात, “हा ‘डॅड्स आर्मी’चा बिल्ला अस्सल आहे ना?” बिल्ला बहुतेक वेळा अस्सल असतोच, पण युद्धकाळातला. मालिकेशी त्याचा काडीचाही संबंध नसतो.

नावाचा घोळ आधी मिटवू. आपल्याकडे होमगार्ड म्हटलं की गणपतीच्या बंदोबस्तातला खाकी जवान डोळ्यांसमोर येतो. ती संघटना मुंबई प्रांतात डिसेंबर १९४६मध्ये उभी राहिली. ब्रिटनचं होमगार्ड त्याआधीच, १९४५च्या अखेरीस, विसर्जित झालं होतं. मे १९४०मध्ये जर्मन आक्रमणाच्या धास्तीने ते उभं राहिलं तेव्हा नाव होतं ‘लोकल डिफेन्स व्हॉलंटियर्स’. जुलैमध्ये चर्चिलच्या आग्रहावरून ते बदललं. ‘एलडीव्ही’ अक्षरांची दंडावरची पट्टी त्यामुळे जेमतेम काही आठवड्यांची. कापडाचा तुकडा आणि तीन अक्षरं, एवढ्यावर नक्कल होते, तेव्हा पट्टी घेताना घाई करू नका.

खरी ठेच लागते ती टोपीवरच्या बिल्ल्याला. मालिकेतल्या पलटणीच्या टोपीवर उधळलेला पांढरा घोडा आहे. ती रॉयल वेस्ट केंट रेजिमेंटची खूण. होमगार्डच्या तुकड्या आपापल्या परगण्यातल्या रेजिमेंटचा बिल्ला लावत, म्हणून तो केंटमधल्या होमगार्डच्या टोपीवर होता. पण पहिल्या महायुद्धात खंदकात लढलेल्या शिपायाच्या टोपीवरही तोच होता, आणि पुढे नटांच्या टोपीवरही तोच आला. धातू, झीज, मागची पिन, यांवरून फार तर बिल्ल्याचं वय कळेल. तो कोणाच्या डोक्यावर होता हे कळणार नाही. विक्रेता “ओरिजिनल” म्हणतो तेव्हा तो वयाबद्दल बोलत असतो आणि घेणारा मालिकेबद्दल ऐकत असतो. सगळा घोटाळा इथेच होतो.

म्हणून मी वस्तूआधी कागद मागतो. होमगार्डच्या बाबतीत राजाच्या सहीचं छापील प्रमाणपत्र मिळतं, त्यावर माणसाचं नाव असतं. डिफेन्स मेडल या युद्धसेवेच्या पदकावर मात्र नाव कोरलेलं नसे, त्यामुळे सुटं मेडल कोणाच्याही नावावर खपवता येतं. मालिकेची वस्तू असेल तर पोशाखाच्या आत शिवलेली नटाच्या नावाची चिठ्ठी, लिलावाची पावती किंवा घेणाऱ्या-देणाऱ्याचं पत्र हवं. यातलं काहीच नसेल तर तो १९४०च्या दशकातला चांगला बिल्ला आहे, तेवढीच किंमत द्या.

गुंता वाढवणारी एक गोष्ट मला फार प्रिय आहे. गॉडफ्री साकारणारे अर्नल्ड रिडली आणि फ्रेझर साकारणारे जॉन लॉरी प्रत्यक्षातही होमगार्डमध्ये होते. स्वतः पेरीही कोवळ्या वयात होते, आणि मालिका त्याच अनुभवातून आली. उद्या रिडलींची स्वतःची दंडपट्टी माझ्या हाती लागली, तरी ती मी युद्धाच्याच कप्प्यात ठेवीन. ती त्यांनी कॅमेऱ्यासाठी बांधली नव्हती.

सह्यांचं थोडक्यात सांगतो. मालिकेत वॉकर झालेले जेम्स बेक ऑगस्ट १९७३मध्ये गेले. नाट्यरूप रंगमंचावर आलं १९७५मध्ये. त्या नाटकाच्या माहितीपुस्तिकेवर बेक यांची सही दिसली, तर पुस्तिका खाली ठेवा आणि पुढे चला.

पुस्तकांत एवढा गोंधळ नाही. होमगार्डच्या प्रशिक्षण पुस्तिकांची हुबेहूब पुनर्मुद्रणं निघाली आहेत, तेव्हा मुखपृष्ठावर न जाता प्रकाशनाचं पान उघडून साल पाहा. मालिकेवरची मुलांची वार्षिकं, म्हणजे दरवर्षी निघणारी पुस्तकं, सत्तरच्या दशकातली. त्यांत कोरी करकरीत प्रत शोधणाऱ्यांशी माझं पटत नाही. किमतीचा कोपरा कापलेली, आतल्या चौकटीत एखाद्या मुलाने पेन्सिलीने नाव लिहिलेली प्रत मिळाली, तर मी तीच उचलतो.