रहदारीत वाहन थांबवणे

सिग्नल, तिठा, रेल्वे फाटक, कोंडी किंवा फेरीबोटीचा धक्का अशा ठिकाणी चालते वाहन थोडा वेळ उभे करणे आणि पुन्हा निघेपर्यंत स्वतःला व इतरांना सांभाळणे. वाहन उभे राहिले म्हणजे चालकाचे काम संपले, ही समजूत घातक आहे. मागून येणारा थांबेपर्यंत धोका कायम असतो. पार्किंगचा विचार येथे केलेला नाही.

दिव्यांनी रहदारी थांबवण्याचा पहिला मान कोणाचा, याविषयी मतभेद आहेत. लंडनमध्ये पार्लमेंटसमोर डिसेंबर १८६८ मध्ये गॅसच्या दिव्यांचा खांब उभारला गेला. स्फोट होऊन तो लवकरच बाद झाला. विजेच्या सिग्नलसाठी सॉल्ट लेक सिटीचा दावा १९१२ च्या सुमाराचा आहे, तथापि क्लीव्हलँडची ऑगस्ट १९१४ ही तारीख अधिक ग्राह्य धरली जाते. पोर्तुगालने १ जून १९२८ रोजी उजवी बाजू स्वीकारली, तरी गोव्यात डावीच बाजू राहिली. शेजारच्या ब्रिटिश मुलखातील रहदारीशी मेळ राहावा, हे त्याचे कारण सामान्यतः दिले जाते.

अंतर : ताशी ५० किमी वेगाने वाहन सेकंदाला सुमारे १४ मी. जाते. ब्रेकवर पाय जाईपर्यंत एक सेकंद धरला, तर कोरड्या डांबरावर थांबायला एकूण सुमारे २८ मी. आणि ओल्यावर ४० मी.च्या आसपास लागतात. इंडियन रोड्स काँग्रेस रस्त्याच्या आखणीसाठी प्रतिसादाला २.५ सेकंद धरते आणि याच वेगाला ६० मी. दृष्टी-अंतर मागते. जूनच्या पहिल्या सरींत तेल-धुळीचा थर सुटतो, तेव्हा हा मोठा आकडाच खरा मानावा. रांगेत उभे राहताना पुढच्या गाडीचे मागचे टायर रस्त्याला टेकलेले दिसले पाहिजेत. तेवढ्या जागेतून गाडी बाजूला काढता येते. चोर्ला किंवा अनमोड घाटात चढावर ट्रकमागे एक गाडीभर जागा सोडावी, कारण निघताना ट्रक मागे सरकतो.

गिअर : पहिला गिअर टाकून क्लच दाबून ठेवावा की न्यूट्रल करून हँडब्रेक ओढावा, हा जुना वाद आहे. पहिल्या पक्षाचे म्हणणे असे की, मागून कोणी सुसाट आले तर लगेच निसटता येते. दुसरा पक्ष दाखवतो की धक्का बसताच पाय क्लचवरून सुटतो आणि गाडी पुढच्यावर आदळते. शिवाय क्लचचे बेअरिंग झिजते. मागे दोनेक वाहने थांबेपर्यंत गिअर आणि ब्रेक-दिवा चालू ठेवावा, आरशातून त्यांची खात्री करावी आणि मग न्यूट्रल व हँडब्रेक, हा मध्यममार्ग अधिक सुरक्षित दिसतो. उजवीकडे वळण्यासाठी थांबताना चाके सरळच ठेवावीत. ती आधीच वळवलेली असली, तर मागच्या धक्क्याने गाडी समोरून येणाऱ्या वाहनांपुढे जाते.

दुचाकी : गोव्यात मांडवी नदीवरील अटल सेतूवर दुचाकींना मनाई असल्याने पणजी-पर्वरी दरम्यान त्यांची दाटी मांडवीच्या जुन्या पुलांवर होते. गिअरच्या गाडीवर डावा पाय जमिनीवर, उजवा मागच्या ब्रेकवर ठेवावा. पाय थांबरेषेच्या पांढऱ्या रंगावर टेकवू नये. ओला रंग निसरडा असतो. बिनगिअरच्या स्कूटरला न्यूट्रल नसते. पुढे उभे केलेले मूल हँडल धरायला जाते, मूठ पिळली जाते आणि स्कूटर उसळून पुढच्या बसखाली शिरते. म्हणून लांब थांब्यात इंजिन बंदच करावे. पायलटच्या, म्हणजे भाड्याची मोटारसायकल चालवणाऱ्याच्या, मागे बसलेल्याने सिग्नलवर उतरण्याची घाई करू नये.

फेरीबोट : ओहोटीला उघड्या पडलेल्या उतारावर शेवाळ असते. त्यामुळे बोलावणे येईपर्यंत चारचाकी वरच्या सपाट जागेत ठेवावी. बोटीत पहिला गिअर, हँडब्रेक, इंजिन बंद. शहरात थांबताना काचा वर आणि दारे बंद ठेवणे शहाणपणाचे असले, तरी येथे काचा खाली व पट्टा सोडलेला हवा, कारण गाडी पाण्यात गेली तर काच उघडणे कठीण होते. उतरताना पुढचे वाहन उतार पूर्ण चढून सपाटीवर गेल्याशिवाय आपले हलवू नये.