डब्यातली एक साखर, दुधातल्या दीडशे

नागपूरला महाल भागात दिलेल्या माझ्या भाचीला मुलगी झाली, आणि तिच्या अमेरिकेतल्या दिराने पावडरच्या दुधाचा डबा पाठवला. डब्यावर ठळक अक्षरांत, ‘आईच्या दुधातला घटक’. ‘मामा, चांगलं असते ना हे?’ भाचीने विचारलं. मी डबा फिरवून मागची बारीक अक्षरं वाचली. घटक निघाला २′-फ्युकोसिललॅक्टोज.

दावा खोटा नाही. लॅक्टोजला फ्युकोज नावाची छोटी साखर जोडली की हा रेणू होतो. आईच्या दुधात अशा जोडसाखरा दीडशेहून जास्त. पाणी वगळलं तर लॅक्टोज आणि स्निग्ध पदार्थांनंतर त्यांचाच नंबर. आणि बाळाला त्या पचतच नाहीत! त्यांचे बंध तोडणारी विकरं आपल्या आतड्यात नसतात. मग आईचं शरीर एवढा खटाटोप करतं कोणासाठी? बाळाच्या मोठ्या आतड्यातल्या बायफिडोबॅक्टेरियम इन्फँटिस या जिवाणूसाठी. फ्युकोसिडेज, सायलिडेज अशा कात्र्या त्याच्याजवळ असतात. तो साखर अख्खी आत ओढतो आणि पेशीच्या आतच कापतो, शेजारच्या जिवाणूंना उष्टंसुद्धा मिळू देत नाही. त्यातून ॲसिटेट आणि लॅक्टेट तयार होतं, आतड्यातली आम्लता वाढते, उपद्रवी जंतूंचं तिथे फावत नाही. शिवाय कॅम्पायलोबॅक्टरसारखे जुलाबाचे जंतू आतड्याच्या अस्तरावरच्या फ्युकोजला चिकटू पाहतात. दुधातली साखर तशीच दिसते, तिला चिकटले की शीवाटे बाहेर.

डब्यातली साखर मात्र एकच, जनुकबदल केलेल्या जिवाणूंकडून टाकीत बनवून घेतलेली. रेणू तोच, त्यात वाईट काही नाही. पण फ्युकोज जोडण्याचं काम करणारं एफयूटी२ हे जनुक चालत नसलेल्या कितीतरी आयांच्या दुधात नेमकी हीच साखर जवळपास नसते, आणि त्यांचीही बाळं मजेत वाढतात.

अशा डब्यांवरच्या ‘बुद्धीसाठी डीएचए’ या दाव्याचंही तेच; डीएचए हे एक स्निग्धाम्ल. पूर्ण दिवसांच्या बाळांवरच्या चाचण्या वैद्यकीय संशोधनाचा आढावा घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०१७ मध्ये एकत्र तपासल्या, ठोस फायदा दिसला नाही. आपल्याकडे १९९२ च्या कायद्याने अशा दुधाची जाहिरात बंद आहे, डब्यावर बाळाचं चित्रसुद्धा चालत नाही. अर्थात आईला दूध येत नसेल आणि डॉक्टरांनी सांगितलं असेल तर पावडर खुशाल द्यावी, साध्या डब्यातलीही चालते.

भाचीला दूध भरपूर आहे. बाळंतपणात तिच्या आजेसासूबाई सांगत होत्या, ‘चिकाचं दूध पिळून फेक, बाळाला बाधते.’ या साखरा सगळ्यांत जास्त असतात त्या चिकातच. डबा आता त्याच आजेसासूबाई शेजारणींना कौतुकाने दाखवतात.