अत्तरातला अंबर नेमका कुठला?

रमजानमध्ये सोलापूरच्या विजापूर वेशीत मीना बाजार भरला की अत्तराच्या गाड्यांवर 'अंबर' लिहिलेली कुपी हमखास दिसते. गिऱ्हाईक काचेची काडी मनगटाला लावून घेतं, हुंगतं आणि विचारतं, "ओरिजनल आहे ना?" विक्रेता म्हणतो, "एकदम ओरिजनल." पण ओरिजनल म्हणजे कुठला, हे दोघांनीही ठरवलेलं नसतं. अंबर या नावाखाली तीन निराळ्या वस्तू जगभर विकल्या गेल्या आहेत. एक देवमाशाच्या पोटातली, एक जमिनीतून निघणारी आणि एक अत्तरवाल्याने स्वतः मिसळून केलेली. आज कुपीत असते ती जवळपास नेहमीच तिसरी. ती फसवणूक आहे असं मला वाटत नाही, आणि का वाटत नाही ते सांगायला थोडं मागे जावं लागेल.

मूळ मान समुद्रातल्या अंबराचा. स्पर्म व्हेल जातीचा देवमासा माकूळ खातो. माकुळाची टणक चोच पचत नाही. काही मोजक्या देवमाशांच्या आतड्यात अशा चोचींभोवती मेणचट पदार्थ साचत जातो आणि त्याचा गोळा होतो. बातम्यांमध्ये त्याला 'व्हेल माशाची उलटी' म्हणतात, पण बऱ्याच अभ्यासकांच्या मते तो विष्ठेबरोबर बाहेर पडतो किंवा मासा मेल्यावर मोकळा होतो. ताजा गोळा काळा असतो आणि त्याला शेणासारखी घाण येते. तो वर्षानुवर्षं लाटांवर तरंगतो, ऊन आणि खारं पाणी खातो, तेव्हा कुठे राखाडी, मग पांढुरका होतो. मग वास पालटतो: गोडसर, खारा, जुन्या लाकडाच्या आणि तंबाखूच्या जवळ जाणारा. अत्तरवाल्यांना तो हवा असायचा तो आणखी एका गुणासाठी. त्याच्या सोबतीने बाकीचे वास अंगावर जास्त वेळ टिकतात.

पूर्व आफ्रिका, अरबस्तान आणि मालदीवच्या किनाऱ्यांवर सापडणारा हा माल अरब व्यापाऱ्यांनी दूरवर पोचवला. अंबर हे नावही अरबीतलंच. त्याची किंमत एवढी की गुलामांना जी मौल्यवान नावं दिली जात, याकूत (माणिक), काफूर (कापूर), त्यांत अंबरही होतं. इथिओपियात जन्मलेल्या चापू नावाच्या मुलाला बगदादच्या व्यापाऱ्याने हेच नाव दिलं. तोच पुढे निजामशाहीचा मलिक अंबर झाला. १६२४ ची भातवडीची लढाई जिंकल्यावर त्याने विजापूरजवळचं नवरसपूर लुटलं आणि सोलापूरचा भुईकोट घेतला. किल्ल्याच्या इतिहासात आपण ज्याचं नाव शाळेपासून ऐकत आलो, त्याच्या नावात देवमाशाचा हा सुगंध आहे.

ते नवरसपूर वसवणारा दुसरा इब्राहिम आदिलशहा (कारकीर्द १५८० ते १६२७) सुगंधाचा मोठा शौकीन. त्याच्यासाठी 'इत्र-इ-नवरसशाही' नावाचा सुगंधांवरचा ग्रंथच लिहिला गेला. विजापूर इथून शंभरेक किलोमीटरवर. ज्या रस्त्यावरून आपल्या वेशीला नाव मिळालं, त्या रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला अत्तर हा दरबारी अभ्यासाचा विषय होता. सोलापूरच्या अत्तरबाजाराची गोष्ट सांगताना फक्त उत्तर प्रदेशातल्या कनौजचं नाव घेतलं जातं, याचं मला वाईट वाटतं.

अंबर येतो कुठून, यावर मात्र शतकानुशतकं तर्कच चालले. कोणी म्हणे समुद्रतळाच्या झऱ्यातून, कोणी म्हणे तो समुद्राचा फेस. १७८३ मध्ये श्वेडियाउअर या डॉक्टरने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे निबंध मांडला. अंबराच्या गोळ्यांत माकुळाच्या चोची सापडतात हे त्याने दाखवलं आणि देवमाशाशी असलेलं नातं पक्कं केलं.

जमिनीतल्या अंबरावर फार वेळ घालवायचं कारण नाही. तो म्हणजे तृणमणी, उर्दूत कहरुबा. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या झाडांचा राळेसारखा चीक दगड झाला, तो हा. लोकरीवर घासला की काडीकचरा ओढतो. त्याच्या तसबिहा (जपमाळा) आणि गळ्यातल्या माळा होतात. युरोपात दोघांनाही एकच नाव पडलं, एक राखाडी अंबर आणि एक पिवळा अंबर. हा घोटाळा तिथून पसरला. पण पिवळ्याला एरवी वास नसल्यासारखाच. जाळला तर राळेसारखा धूर येतो, एवढंच.

तिसऱ्याकडे वळायचं तर अकबराच्या दरबारात जावं लागतं. अबुल फजलने 'आईन-इ-अकबरी'त सुगंधी द्रव्यांची ओळख करून दिली आहे. त्यात लादनविषयी तो सांगतो की यालाही बऱ्याचदा अंबर म्हणतात. म्हणजे एका नावाने दोन माल विकण्याची रीत सोळाव्या शतकात हिंदुस्थानात होतीच, ती कुठल्या परदेशी कंपनीने आणलेली नाही. लादन हा सिस्टस नावाच्या झुडपाचा चिकट पाझर, भूमध्य समुद्राकाठचा. अबुल फजल सायप्रसचं नाव घेतो आणि लिहितो की चरणाऱ्या शेळ्यांच्या केसांना तो चिकटतो. गंमत अशी की त्याच्या जवळजवळ दोन हजार वर्षं आधी ग्रीक इतिहासकार हेरोडोटसनेही शेळ्यांच्या दाढीला चिकटलेल्या लादनबद्दल लिहून ठेवलं आहे. क्रीट बेटावर लोक भर उन्हात, पाझर मऊ असताना, कातड्याच्या पट्ट्या लावलेला दाताळ्यासारखा आकडा झुडपांवरून फिरवत आणि पट्ट्यांवर जमलेला काळा चीक खरवडून घेत. वास चामड्याचा, मधाचा, उबदार.

एकोणिसाव्या शतकात त्याला जोडीदार मिळाला. १८७४ मध्ये टीमान आणि हारमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी व्हॅनिलाचा वास देणारं व्हॅनिलिन प्रयोगशाळेत तयार केलं. लादन, व्हॅनिलिन आणि ऊद यांचा मेळ बसवून फ्रेंच अत्तरवाल्यांनी जो गोड, दाट वास बांधला, त्याला त्यांनी अंबर म्हटलं. (इथे ऊद म्हणजे आपण घरात निखाऱ्यावर टाकतो तो, दर्ग्यात ज्याला लोबान म्हणतात. अत्तराच्या दुकानात ऊद मागितलात तर अगरू मिळेल.) या मिश्रणात देवमासाही नाही आणि तृणमणीही नाही. गेर्लें या फ्रेंच अत्तरघराचं १९२५ चं 'शालिमार' याच वळणाचं. अशा वासांच्या घराण्याला युरोपात 'ओरिएंटल' म्हणत. तो शब्द आता खटकू लागला, तेव्हा २०२१ मध्ये सुगंधांचं जगन्मान्य वर्गीकरण करणाऱ्या मायकेल एडवर्ड्सने त्या जागी 'अंबर' हे नाव घेतलं.

समुद्रातला वास दरम्यान दुसऱ्या वाटेने परतला. १९४६ मध्ये झुरिचच्या रुझिच्का या रसायनशास्त्रज्ञाने देवमाशाच्या गोळ्यातल्या ऍम्ब्रेन या मुख्य घटकाची रचना उलगडली. उन्हापाण्यात ऍम्ब्रेन फुटतं आणि त्यातून ऍम्ब्रॉक्स हा सुगंधी रेणू तयार होतो. १९५० च्या सुमारास जिनिव्हाच्या फिर्मेनिख कंपनीत तोच रेणू क्लॅरी सेज या तुळशीच्या कुळातल्या झुडपापासून मिळवला गेला. त्यासाठी या झुडपातून घेतलं जाणारं स्क्लॅरिऑल ज्या रेणूंच्या गटातलं आहे, त्या गटाचं नाव लॅबडेन, आणि ते पडलं लादनवरून. ऍम्ब्रॉक्सचा सांगाडाही त्याच गटातला. लादनला अंबर म्हणणाऱ्या जुन्या अत्तरवाल्यांच्या नाकाबद्दल मला इथे खरा आदर वाटतो. रसायनशास्त्राला जे नातं विसाव्या शतकात सापडलं, त्याच्या फार जवळ ते वासावरून पोचले होते.

आता बाजारातलं. स्पर्म व्हेलला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. त्याचा अंबर बाळगणं किंवा विकणं भारतात गुन्हा आहे. त्यामुळे कोणी गल्लीत बोलावून 'माशाचा असली' दाखवू लागला तर तो एकतर मेण विकतोय किंवा तुम्हाला पोलीस ठाण्याच्या वाटेवर नेतोय. डबीत मिळणारे तपकिरी, मेणचट अंबराचे खडे हेही मिश्रणच, राळ आणि मेण घालून केलेलं.

तेव्हा ओरिजनल का हे विचारण्यापेक्षा गोड अंबर आहे की कोरडा, हे विचारावं. काडी मनगटाला लावा, चोळू नका, आणि बाजारात एक फेरी मारून या. व्हॅनिला, मध आणि निखाऱ्यावरचा ऊद आठवला तर तो लादनच्या घराण्यातला. खारट, कोरड्या लाकडासारखा, मध्येच नाहीसा होऊन पुन्हा येणारा वास असेल तर ऍम्ब्रॉक्स. डिओरच्या २०१५ च्या 'सोव्हाज'सारखं म्हणून जे अत्तर हल्ली तरुण मुलं मागतात, त्यात याचाच जोर असतो. आणि कुपीवर 'शमामतुल अंबर' असेल तर गोड वासाची अपेक्षा ठेवू नका. तो कनौजच्या परंपरेतला, मसाले आणि जडीबुटी घालून काढलेला, हिवाळ्यात लावायचा वेगळाच प्रकार आहे.