गुरव (कोकण)

कोकणातील ग्रामदेवतांचा व शिवालयांचा परंपरागत पुजारी. याच नावाची जातही आहे. बारा बलुतेदारांच्या बहुतेक याद्यांत गुरव येतो. लग्न-मुंज, श्राद्ध ही कामे भटजींची. गावऱ्हाटीत, म्हणजे गावाच्या देवकार्याच्या परंपरागत व्यवस्थेत, देवापुढे गावाची बाजू मांडणारा गुरव.

शब्दाची व्युत्पत्ती वादग्रस्त आहे. तो थेट संस्कृत ‘गुरु’पासून आला असे एक मत. मध्ययुगीन कन्नड शिलालेखांत मात्र शैव तपस्वी व शिवालयाचा पुजारी यांना ‘गोरव’ म्हटलेले आढळते. कर्नाटकात मैलारलिंगाच्या (खंडोबाचे तिकडचे रूप) उपासकांना आजही हेच नाव आहे आणि मैलारच्या जत्रेत भविष्यवाणी उच्चारणारा तो ‘गोरवय्य’. शिवाची सेवा आणि देवाचे उत्तर लोकांपर्यंत पोचवणे ही दोन्ही अंगे कोकणच्या गुरवातही असल्याने कन्नड संबंध अधिक संभवनीय वाटतो. ‘गोरव’ हाच मुळात ‘गुरु’पासून घडला असेल, तर दोन्ही मतांतले अंतर फारसे उरत नाही.

निर्माल्य काढणे, देवाला स्नान, बेल-फूल, नैवेद्य, सांजेची दिवाबत्ती ही नित्यकामे. भाऊबंदांत ती पाळीने चालतात.

गुरवाचे खरे कसब कौल लावण्यात, म्हणजे देवाला प्रश्न विचारून त्याचे उत्तर घेण्यात, दिसते. मूर्ती धुऊन पुसून घेतात. मग भिजवलेले तांदूळ, फुलांच्या पाकळ्या किंवा तुळशीची पाने तिच्या अंगावर नेमलेल्या जागी, डाव्या-उजव्या बाजूंना लावतात. जागा आणि संख्या देवस्थानागणिक वेगळी. त्यानंतर गुरव गाऱ्हाणे घालतो; जमलेले मानकरी ‘होय म्हाराजा’ म्हणून त्याला दुजोरा देतात. प्रश्न एका वेळी एकच आणि होय-नाहीत सुटणारा हवा. साधारणपणे उजवीकडची पाकळी आधी पडली तर उजवा कौल, म्हणजे होकार. डावीकडची पडली तर डावा, म्हणजे नकार.

पाकळी फार ओली असली की पाण्याच्या भाराने लगेच घसरते. कोरडी असली तर चिकटतच नाही. पाषाणावर अभिषेकाच्या तुपाचा ओशटपणा राहिला, एका बाजूच्या पाकळ्या जाड निघाल्या किंवा समईची धग एकाच अंगाला लागली, तर कौल निर्मळ राहत नाही. म्हणून पाकळ्या एकाच जातीच्या फुलाच्या आणि सारख्या आकाराच्या निवडाव्या लागतात. दोन्ही बाजू एकदम सुटल्या किंवा काहीच हलले नाही, तर प्रश्न मोघम होता असे धरून गाऱ्हाणे नव्याने घालतात. ब्रिटिश सनदी अधिकारी ए. एम. टी. जॅक्सन यांच्या टिपणांवरून त्याच सेवेतील आर. ई. एन्थोव्हेन यांनी १९१५ मध्ये कोकणच्या लोकाचारांचे जे संकलन प्रसिद्ध केले, त्यातही कौलाची माहिती आहे. कौल लावणारा गुरव आणि अंगात देवाचा अवसार येणारा माणूस यांची पुष्कळदा गल्लत होते, ती टाळावी. गुरव शुद्धीवर राहून देवाला विचारतो, अवसारी देव होऊन बोलतो.

कौलावर आजही मोठे निर्णय ठरतात. मालवण तालुक्यात आंगणेवाडीच्या भराडी देवीची जत्रा ठरावीक तिथीला नसते. तारीख कौलाने निघते. आचरे येथे काही वर्षांच्या अंतराने होणारी गावपळण रामेश्वराच्या कौलाने ठरते. माणसे गुराढोरांसह, कोंबड्या-कुत्र्यांसह वेशीबाहेर राहुट्या घालून तीन दिवस तीन रात्री राहतात. परतण्यासाठी पुन्हा कौल लावतात; तो मिळाला नाही तर मुक्काम वाढतो.