फाइलचा राइट बिट की डिरेक्टरीचा: डिलीट नेमकं कोण अडवतं?

लिनक्सवर फाइलला ४४४ मोड (सगळ्यांना फक्त वाचायची परवानगी) दिला की ती आता डिलीट होणार नाही, असं धरून रिकर्सिव्ह डिलीटची, म्हणजे डिरेक्टरी आतल्या सगळ्यासकट उडवण्याची, टेस्ट लिहिली जाते. टेस्ट चालते आणि फाइल सफाचट. कोडचा दोष नसतो. कुलूप भलत्याच दाराला लावलेलं असतं.

लिनक्समध्ये फाइलचा राइट बिट, म्हणजे लिहायची परवानगी, तिच्या आतल्या मजकुरापुरता असतो. डिलीट म्हणजे डिरेक्टरीच्या यादीतून नाव खोडणं. म्हणून कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, पॅरेंट डिरेक्टरीचे (फाइल जिच्यात आहे तिचे) राइट आणि एक्झिक्यूट (आत शिरायची परवानगी) बिट तपासतो, फाइलच्या मोडकडे बघतही नाही. गैरसमज पक्का होतो तो आरएम (rm) या डिलीटच्या कमांडमुळे: टर्मिनलवर ती राइट-प्रोटेक्टेड फाइल काढायची का, असं विचारते. ही निव्वळ विचारपूस; -एफ (न विचारता काढ) दिलं की तीही बंद.

खरी अडवणूक हवी असेल तर अशी मांडणी करा. 'काम' डिरेक्टरीत 'अ' ही फाइल आणि 'बंद' ही सबडिरेक्टरी, 'बंद'मध्ये 'ब' ही फाइल. 'बंद'ला ५५५ मोड (वाचणं आणि आत शिरणं चालेल, लिहिणं नाही) द्या आणि साध्या युजरने 'काम'वर आरएम -आरएफ (-आर म्हणजे रिकर्सिव्ह) चालवा. 'ब' हटत नाही, त्यामुळे 'बंद' आणि 'काम'ही राहतात. 'अ' मात्र गेलेली असते, ती परत येत नाही. एरर ईएक्सेस (EACCES, परवानगी नाही), क्रमांक १३; आरएमचा एक्झिट कोड, म्हणजे कमांड संपताना देते तो आकडा, १. -एफ हा एरर गिळत नाही. टेस्टमध्ये काय उरलं, काय गेलं आणि कोड किती, हे तिन्ही तपासा; नुसतं 'एरर आला' पुरत नाही.

'बंद'मध्ये 'ब' ठेवायला विसरलात तर? रिकामी डिरेक्टरी ५५५ असूनही उडते, कारण तिचं नाव 'काम'च्या यादीत आहे.

डिरेक्टरीला ३३३ मोड (लिहिणं आणि आत शिरणं चालेल, वाचणं नाही) दिला तर गंमत वेगळी. रीड बिट नसल्याने आतली यादीच वाचता येत नाही, म्हणून रिकर्सिव्ह डिलीट अडकतं. पण फाइलचं नाव ठाऊक असेल तर तीच फाइल एकेकटी निमूट डिलीट होते. स्टिकी बिटच्या डिरेक्टरीत (जिथे लिहायची परवानगी असली तरी दुसऱ्याची फाइल काढता येत नाही), उदाहरणार्थ १७७७ मोडच्या टेंपमध्ये (/tmp), दुसऱ्याची फाइल काढायला गेलात तर ईपर्म (EPERM) हा वेगळा एरर येतो, क्रमांक १. टेस्टमध्ये ईएक्सेसच अपेक्षित धरला असेल तर ती इथे विनाकारण फेल होईल.

हे सगळं रूटला, म्हणजे सर्वाधिकारी युजरला, लागू नाही. रूट या मोडना जुमानत नाही, आणि कंटेनरमध्ये टेस्ट बहुतेकदा रूट म्हणूनच चालतात. आधी इफेक्टिव्ह युजर आयडी तपासा. ० (म्हणजे रूट) असेल तर टेस्ट स्किप करण्यापेक्षा साध्या युजरने चालवणं बरं. आणि शेवटी, टेस्ट फेल झाली तरी, 'बंद'ला पुन्हा ७५५ मोड (मालकाला लिहायची परवानगी) द्या, नाहीतर टेस्ट रनरची साफसफाईच अडकते.

विंडोजवर चित्र जवळपास उलटं. तिथे फाइलचा रीड-ओन्ली गुणधर्मच डिलीट अडवतो आणि पायथनचा मोड बदलणारा सीएचमॉड फक्त तेवढा एक फ्लॅग फिरवतो. गिट (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं साधन) आपला साठा ज्यात ठेवतं त्या ऑब्जेक्ट फाइल रीड-ओन्ली असतात. त्यामुळे गिटची रेपॉझिटरी उडवताना पायथनचं आरएमट्री (रिकर्सिव्ह डिलीटचं फंक्शन) लिनक्सवर सुरळीत चालतं, विंडोजवर अडतं. तिथे फ्लॅग काढून पुन्हा प्रयत्न करणारा हँडलर (एरर आल्यावर चालणारं फंक्शन) द्यावा लागतो: पायथन ३.१२ पासून ऑनएक्ससी (onexc) या नावाने, त्याआधी ऑनएरर (onerror).