गोळ्यांची सवय आणि गोळ्यांचं व्यसन

‘त्याला गोळ्यांची सवय लागलीय’ असं आपण सहज बोलून जातो. पण या एका वाक्यात दोन वेगळ्या अवस्था असतात. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या बाबतीत त्यांची गल्लत जिवावर बेतू शकते.

समजा, स्फोटात पाठ दुखावलेला एक सैनिक दोन वर्षं रोज ठरल्या वेळी ओपिऑइड गटातली, म्हणजे अफूसारखा परिणाम करणारी वेदनाशामक गोळी घेतोय, तीही सांगितली तेवढीच. गोळी चुकली की घाम फुटतो, नाक गळतं, पोटात कळा येतात, झोप उडते. हे शारीरिक अवलंबित्व. दीर्घकाळ रोज घेणाऱ्या जवळपास कुणालाही ते होईल, त्याला स्वभाव जबाबदार नाही. व्यसनात मात्र ठरवल्यापेक्षा जास्त घेतली जाते, थांबायचं ठरवूनही थांबता येत नाही, नोकरी-संसार विस्कटला तरी जीव गोळीतच अडकलेला असतो. घाम दोघांनाही फुटतो. म्हणून गोळी चुकल्यावर काय होतं यापेक्षा गोळीपायी आयुष्यातून काय सुटलं, हे विचारणं मला महत्त्वाचं वाटतं.

गोंधळ डॉक्टरांच्या भाषेतही होता. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत व्यसनालाच ‘अवलंबित्व’ म्हणत. २०१३च्या पाचव्या आवृत्तीत तो शब्द गेला. डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषध घेणाऱ्याला ते बंद केल्यावर होणारा त्रास व्यसनाचं लक्षण म्हणून मोजायचा नाही, हेही त्यात स्पष्ट केलं.

प्रत्यक्षात रेषा इतकी स्वच्छ नसते. इराक-अफगाणिस्तानातून परतलेल्या, वेदनेचं निदान झालेल्या १,४१,०२९ माजी सैनिकांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. मानसिक आजार नसलेल्यांपैकी ६.५ टक्क्यांना ओपिऑइड लिहून दिलं होतं. युद्धाच्या आघातातून येणारा पीटीएसडी असलेल्यांत हे प्रमाण १७.८ टक्के होतं. म्हणजे ज्यांना व्यसनाचा धोका जास्त, त्यांच्याच हाती गोळ्या जास्त. अशा माणसाची गोळी पाठ शांत करते की रात्रीच्या आठवणी, हे त्यालाही सांगता येत नसेल.

मग गोळ्या बंदच कराव्यात? सुरू करताना हात आखडता घ्यावा, हे खरं. मिनियापोलिसच्या २४० माजी सैनिकांवरच्या २०१८च्या चाचणीत पाठ, खुबा, गुडघ्याच्या जुनाट दुखण्यात वर्षभराने ओपिऑइड इतर औषधांपेक्षा सरस ठरली नाहीत. पण वर्षानुवर्षं घेणाऱ्याची गोळी तोडणं ही निराळी गोष्ट. माजी सैनिकांच्या सरकारी आरोग्यसेवेतल्या सुमारे १४ लाख रुग्णांच्या नोंदींचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. औषध थांबल्यानंतर अतिमात्रेने किंवा आत्महत्येने मृत्यूचा धोका वाढलेला दिसला, आणि जितका काळ औषध घेतलेलं, तितकी ती वाढ मोठी होती. केवळ बंद केल्यानेच मृत्यू झाले, हे अशा नोंदींवरून सिद्ध होत नाही. तरी ‘व्यसनी’ शिक्का मारून एका झटक्यात गोळ्या तोडणाऱ्या डॉक्टरला इथे थांबायला हवं.

कारण दोघांची वाट वेगळी आहे. नुसतं अवलंबित्व असेल आणि गोळ्या कमी करायच्या असतील, तर रुग्णाशी बोलून मात्रा हळूहळू उतरवायची. कधी त्याला कित्येक महिने लागतात. व्यसन असेल तर ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन ही गोळीची ओढ आवरणारी औषधं, सोबत समुपदेशन. आणि दोन्हीकडे मूळचं दुखणं शिल्लकच असतं, त्यावर उपचार चालू ठेवावे लागतात.